तांबड्या रेघेचं मानपत्र

मंगळवार, ३० एप्रिल. नळाला पाणी उशिरा. गुडघा बरा. दुपारी चारला शेजारच्या टायपिस्टबाईंचा शाळेत निरोप समारंभ. गेले. दुसऱ्या रांगेत जागा मिळाली.

एवढं लिहून डायरी मिटणार होते, पण बाईंचं एवढ्यावर भागत नाही.

एकतीस वर्षं त्या शाळेच्या कचेरीत टाइप करत होत्या. आधी यंत्रावर, मग संगणकावर. त्यातली एकवीस वर्षं वेळापत्रकही त्याच बसवत. बावीस वर्ग, चाळीस शिक्षक, आणि एकाचा तास दुसऱ्यावर आदळायचा नाही. खाली सही मुख्याध्यापकांची. कौतुकही अर्थात सहीचंच.

संगणकात एक सोय असते. कुणी मजकूर काढला तरी तो नाहीसा होत नाही; त्यावर तांबडी रेघ येते आणि समासात "वगळले" असं लिहून काढणाऱ्याचं नाव. मागे एकदा मुख्याध्यापकांनी तोंडी सांगून एका पत्रातली ओळ काढायला लावली, आणि वरून विचारणा आल्यावर म्हणाले, "मी कुठं सांगितलं?" ठपका बाईंना. पुन्हा असं नको म्हणून मुख्याध्यापकांनीच नियम काढला: लेखी सही मिळाल्याशिवाय रेघा पुसायच्या नाहीत. नियम करून ते मोकळे झाले. पाळायला बाई होत्याच.

गेल्या आठवड्यात निरोपाचं मानपत्र टाइपाला आलं ते बाईंकडेच. दुसरं आहे कोण? उपमुख्याध्यापिकेनं त्यात लिहिलं होतं, "एकवीस वर्षं शाळेचं वेळापत्रक यांनीच बनवलं." त्यावर तांबडी रेघ, समासात मुख्याध्यापक. त्या जागी नवे शब्द: "स्वभाव हसतमुख."

बाई कागद घेऊन माझ्याकडे आल्या.

"काकू, मी शाळेत कधी हसले हो?"

"मला काय विचारतेस? जिन्यात भेटलीस तरी तोंड एरंडेल प्यायल्यासारखं."

"हार नको, शाल नको. हे एक वाक्य राहिलं असतं तर बरं वाटलं असतं."

"मग राहू दे की! एक कळ दाबली की रेघ जाते आणि वाक्य राहतं, तूच सांगितलंस."

"दुसऱ्याच्या मजकुरात मी हात घालत नाही."

"मग बस हसतमुख," मी म्हटलं. मला रागच आला होता.

सोमवारी त्या मसुदा घेऊन मुख्याध्यापकांपुढे उभ्या राहिल्या. "बदलांवर सही हवी होती."

"अहो, जाता जाता कसली सही? स्वच्छ प्रत काढा आणि ठेवा टेबलावर!"

म्हणजे तोंडीच. बाईंनी नियमाप्रमाणे होती तशी प्रत छापली आणि टेबलावर ठेवली.

ती मुख्याध्यापकांनी उघडून पाहिली नाही. बाईंनी पुढे ठेवलेला कागद आधी वाचायची त्यांना सवयच नव्हती, कधी गरज पडली नव्हती. त्यात कचेरीचं छपाईयंत्र काळं-पांढरं. तांबडी रेघ कागदावर आली ती केसासारखी फिकट. मंचावरून त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "एकवीस वर्षं शाळेचं वेळापत्रक यांनीच बनवलं," आणि त्याच दमात, "वगळले, मुख्याध्यापक."

मग थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. वाक्य तिथंच होतं.

उपमुख्याध्यापिकेनं टाळी वाजवली. मागून चाळीस शिक्षकांनी. मी काठी बगलेत धरून दोन्ही हातांनी वाजवली. मुख्याध्यापक शहाणे, तेही वाजवू लागले. आणि मानपत्र द्यायचं तर खाली सही करावीच लागते. सगळ्यांदेखत केली.

येताना रिक्षात मी विचारलं, "मुद्दाम केलंस ना?"

"सही नव्हती, काकू," बाई म्हणाल्या. मग कागद पुढे धरून म्हणाल्या, "आता आहे."

संध्याकाळची नोंद: बाई साडेसातपर्यंत बसल्या. तीनदा चहा झाला. साखर संपली, उद्या एक किलो आणणे.