श्वास वीस

पाय मोडला तेव्हा हॉस्पिटलच्या एका वॉर्डात, पायाला वजन टांगलेल्या अवस्थेत मी सव्वीस दिवस काढले. माणूस पाठीवर आडवा पडला की त्याचे कान भलतेच लांब होतात. कुठल्या डॉक्टरचं कुठे जुळतंय, सफाईवाल्याची सासू कशावरून रुसली, मला सगळं ठाऊक. पण सांगायचंय ते नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीबद्दल. तिला अख्खा वॉर्ड मिनिटबाई म्हणायचा.

सकाळी बावीस खाटांचं तापमान, नाडी आणि श्वास मोजून चार्ट भरायचा, हे काम शिकाऊ मुलींचं. एकेका सकाळी एकीची पाळी, पण हिच्यावर ती जरा जास्तच यायची. श्वास मोजायची रीत मोठी चोरटी. नाडी बघून झाली तरी मनगट सोडायचं नाही, आणि पेशंटला न कळू देता त्याची छाती किती वेळा वरखाली होते ते पूर्ण एक मिनिट मोजायचं. कळलं की माणूस ऐटीत श्वास घ्यायला लागतो. कॉलेजात सगळ्यांनाच हे शिकवलेलं. बाकीच्या मुली आठ दिवसांत शहाण्या झाल्या आणि वरपासून खालपर्यंत वीस-वीस लिहून मोकळ्या व्हायला लागल्या. ही एकटीच मनगट धरून बसायची. चार नंबरच्या ट्रक ड्रायव्हरचा समज झाला की पोरगी आपल्यावर भाळली. गडी रोज दाढी करून तयार. एकदा म्हणतो कसा, डाव्या हातालाही नाडी असते म्हणे. आम्ही पोट धरधरून हसलो.

मोठ्या सिस्टरांना मात्र हसू येत नसे. राउंडच्या आधी, साडेआठला, चार्ट टेबलावर पाहिजे. हिचा नवालाही अर्धाच. मग तिला ड्रेसिंगजवळ फिरकू देत नसत, रक्ताच्या बाटल्या घेऊन लॅबला पिटाळत. कॉलेजच्या मॅडम गुरुवारी येऊन युनिफॉर्मची इस्त्री तपासायच्या आणि चहा पिऊन जायच्या. घरी आई रोज विचारायची, आज काय शिकलीस? लिफ्ट बंद असते हे शिकले, असं तिने उत्तर दिल्याचं तिच्या मैत्रिणीनेच मला सांगितलं.

शनिवार हा त्या वॉर्डातला तिचा शेवटचा दिवस. शिकलेल्या कामांच्या वहीवर मोठ्या सिस्टरांची सही नाही मिळाली तर परीक्षेला बसता येणार नव्हतं, म्हणजे वर्ष गेलं. शुक्रवारी सिस्टरांनी माझ्याच खाटेपाशी तिला गाठलं.

"तुला शिकायचंय की काम करायचंय?"

"दोन्ही, सिस्टर."

"इथे एकच जमतं. उद्या साडेआठला चार्ट, नाहीतर वही कोरीच घरी ने."

शनिवारी मिनिटबाईने माझं मनगट धरलं आणि लगेच सोडलं. नऊ नंबरला एक शिंपी होता, पोटाचं ऑपरेशन होऊन चार दिवस झालेले. हॉस्पिटलच्या चादरींच्या शिवणीला नावं ठेवत दिवस काढायचा. त्या सकाळी तो कुणालाच नावं ठेवत नव्हता. त्याची नाडी जरा पळत होती, ती तिने प्रामाणिकपणे लिहिली. श्वास वीस लिहिला. सव्वाआठला चार्ट टेबलावर हजर. राउंडला डॉक्टरांनी नाडीपाशी बोट थांबवलं, शेजारचा आकडा बघितला, श्वास ठीक आहे म्हणाले आणि दहा नंबरकडे सरकले.

अकराला शिंप्याचे ओठ निळे पडले. पडदे ओढले गेले, धावाधाव झाली. पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली होती म्हणे. साडेबाराला सगळं संपलं.

ती सिस्टरांच्या टेबलापाशी गेली आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी त्यांचा श्वास मोजला नव्हता."

सिस्टरांनी मान वर केली नाही. "वीस लिहिलंयस ना?"

"मोजला असता तर कळलं असतं."

"कदाचित. कदाचित नाही. आता हे खोडून काय लिहू? या वॉर्डात पंधरा वर्षांत कुणीच मोजलेला नाही, हे लिहू? वही आण इकडे."

ती हलली नाही. सिस्टरांनी स्वतःच तिच्या काखेतून वही ओढली आणि पंधरा ओळींपुढे पंधरा सह्या केल्या. त्यातल्या अकरा कामांना तिने कधी हातही लावला नव्हता. 'श्वास मोजणे' हे पहिल्याच ओळीत होतं.

शिंप्याची बायको आली. तिने नवऱ्याचा चष्मा, कंगवा, चपला पिशवीत भरल्या. मग दारापाशी या मुलीला धरून तिने विचारलं, "सकाळी त्यांना धाप लागली होती का गं? कुणाच्या लक्षातच आलं नाही, असं तर नाही ना झालं?"

मुलीने एकदा टेबलाकडे बघितलं. तिथे सिस्टर काही लिहीत होत्या.

"नाही मावशी," ती म्हणाली. "श्वास व्यवस्थित होता. मी स्वतः मोजला."

बाई म्हणाली, तेवढं ऐकून बरं वाटलं. आणि तिने मुलीच्या गालावरून हात फिरवला.