रावणाचं खातं

पेठच्या डोंगरात आमचा पाडा खोलगट जागी आणि केरूचं घर टेकाडावर. त्याच्या वाट्याला जमीन आली ती सगळी दगडगोट्याची, पण मोबाईलची रेंज आली ती त्याला एकट्यालाच. खाली आमच्याकडं फोन म्हंजे वाटेवर उजेड पाडायची बॅटरी. म्हणून बँकेची माणसं खाती उघडायला आली तेव्हा अख्ख्या पाड्यानं बिनघोर केरूचा नंबर लिहून दिला. चिमाजीनंसुद्धा दिला, आणि चिमाजीचं केरूशी जन्मात कधी पटलं नाय.

तवापासून पाड्याचा पैसा केरूच्या बोटानं हलायला लागला. मेसेज आला की केरू अंगणात यायचा, छाती भरून घ्यायचा आणि खाली तोंड करून बोंबलायचा, "वयनीऽऽ, भाताचं पैसं आलं गंऽऽ!" नायतर, "जयरामऽऽ, तुझ्या मेव्हण्यानं परत पैसं मागितलं! देऊ का झोपलाय म्हणू?" जयरामचा मेव्हणा तेव्हा जयरामच्याच पडवीत बसून चहा पीत होता.

केरूला एकच हौस. आमच्या बोहाड्यात देवादैत्यांची सोंगं नाचतात आणि कोणतं सोंग कुणी नाचवायचं त्याची बोली लागते. दहा तोंडांचा रावण वर्षानुवर्षं चिमाजीच्या डोक्यावर. केरू आपला मागच्या वानरांत शेपूट सावरत. यंदा मात्र केरूनं बोली मारली आणि रावण खेचला. चिमाजीनं रागारागानं टोपी खाली ओढली, एवढी की कानच दिसंनात.

नियम असा, की सगळ्यांनी आपापल्या सोंगाच्या बोलीचे पैसे केरूकडं जमा करायचे आणि केरूनं ते शनिवारी दिवस बुडायच्या आत बोहाड्याचा हिशोब ठेवणाऱ्या नाथा पाटलाच्या हातात ठेवायचे. नाय ठेवले, तर रावण पुन्हा चिमाजीचा.

केरूनं टेकाडावर बसून एका बैठकीत सगळ्यांच्या खात्यांतून पैसे आपल्या खात्यात ओढले. कुणाचे कशाचे ते ध्यानात राहावं म्हणून मोबाईलवर प्रत्येक रकमेपुढं सोंगाचं नाव टाकलं. मग सगळे एकदम काढायला पेठला गेला, तर मशीन पैसे देईना. तेवढ्यात फोन वाजला. खातं थांबवलंय, नाशिकच्या शाखेत भेटा. त्याचंच नाय, पाड्यातली सगळीच खाती.

हा मेसेज तेवढा केरूनं बोंबलून सांगितला नाय.

पण भागीबाईला, म्हंजे त्याच्या थोरल्या भावजयीला, टेकाड गप झालंय हे लगेच कळलं. "भावजी, घसा बसला का काय गिळलं?" केरूनं सांगून टाकलं, तशी ती चप्पल घालून निघालीच. सोबतीला जयराम.

नाशिकला इंदिरानगरच्या शाखेत सायली नावाची पोरगी खुर्चीवर होती. चेहरा मऊ, पण नजर पोलीसपाटलाची.

"केरूकाका, एवढ्या खात्यांना तुमचा एकट्याचा नंबर कसा?"

"ताई, खाती का थांबवली ते आधी सांगा."

"ते मला सांगता येत नाही. मी विचारणार, तुम्ही सांगायचं. हा रावण कोण?"

"मी."

सायलीनं लिहून घेतलं. "मारुती?"

"तो काय बाहेर उभाय. पान थुंकतोय."

"आणि हिडिंबा?"

"माझा नवरा," भागीबाई म्हणाली.

सायलीनं पेन खाली ठेवलं.

मागनं आम्हाला उमगलं ते असं. बँकेत आता माणसाच्या आधी यंत्र राखण करतं. कोणकोणती खाती एका नंबराच्या दावणीला बांधलीत, पैसा थोडा थोडा येऊन कुठं साठतो आणि एकदम कुठं पळतो, ते बघतं. चोर लोक म्हणे गरिबाची खाती भाड्यानं घेतात, काळा पैसा त्यांतनं फिरवून गोरा करतात. यंत्राला काय ठाऊक बोहाडा! त्याला दिसली लंका, आणि तिच्या मधोमध रावण.

भागीबाईनं मात्र सायलीला बोहाडा सगळा सांगितला, हिडिंबा लुगडं कुणाचं नेसते इथपर्यंत. जयरामनं पान टाकून मारुतीची उडी मारून दाखवली. राखणदार धावत आला. सायली हसली, पण सैल सोडलं नाय.

"या नंबराचे सगळे खातेदार मला इथं हवेत. प्रत्येकाचं आधार कार्ड आणि प्रत्येकाचा स्वतःचा नंबर. सगळे म्हणजे सगळे. एक जरी राहिला, तरी माझी तपासणी पुरी होत नाही."

"शनिवारी आणतो," केरू म्हणाला.

शनिवारी सकाळी पिकअप भरून उभी राहिली. सगळे आले. चिमाजी नाय. तो आपल्या ओट्यावर पाय पसरून बसला होता.

"मला नाय गरज," तो म्हणाला. "संध्याकाळी रावणाला तेल-पाणी करायचंय. माझी लय कामं पडलीत."

नाथा पाटलानं समजावलं, बायांनी शिव्या दिल्या. चिमाजी ढिम्म. केरू पिकअपमधनं उतरला, टेकाड चढला, अंगणात उभा राहिला आणि छाती भरून घेतली.

"चिमाजीऽऽ! तुझ्या नावाचा मेसेज आलाय रंऽऽ! टकलावर केस उगवायच्या तेलाचीऽऽ..."

चिमाजी ताडकन उठला. या गड्याचं डोकं उघडं त्याच्या बायकोनं तरी पाहिलं असंल का, याची आमच्यात पैज होती.

"...तिसरी बाटलीऽऽ..."

"बास! आलो! आलो रं केर्‍या!" चिमाजी टोपी धरून पळत सुटला आणि पिकअपमधी सगळ्यांच्या आधी जाऊन बसला.

नाशिकला सायलीनं एकेकाला समोर घेतलं. कार्ड बघितलं, नवा नंबर घेतला, चार प्रश्न विचारले. चिमाजीला टोपी काढायला लावली, कार्डावरचा फोटो जुळंना म्हणून. बायांनी पदर तोंडात कोंबले. दुपार कलल्यावर खाती सुटली. दिवस डोंगराला टेकला तेव्हा केरूनं नोटा नाथा पाटलाच्या हातात ठेवल्या. चिमाजीनं मुकाट्यानं रावणाचं सोंग आणून दिलं.

आणि केरू नाचला म्हणता! दहा तोंडं डोक्यावर, पायात संबळ शिरलेला. दर फेरीला नेमका चिमाजीपुढं येऊन मान हलवायचा, की दहाच्या दहा तोंडांना त्याचं गुपित ठाऊक.

आता ज्याचा त्याचा नंबर. पण रेंज अजून टेकाडावरच. म्हणून लोक सकाळी आपापले फोन पिशवीत घालून केरूच्या अंगणातल्या आंब्याला अडकवून जातात. केरू खाली बाज टाकून बसतो. पिशव्या वाजतात, लुकलुकतात, पण त्याला फोनची कुलपं उघडता येत नाय. लय हाल झाले बिचार्‍याचे.

परवा मात्र चिमाजीची पिशवी वाजतच राहिली. फोन उचलायला कुलूप लागत नाय, हे केरूला तेव्हा सुचलं.

"हां, चिमाजीचाच फोन. पार्सल? कसलं?... चौथी बाटली? पाठवा की."

केरूनं फोन नीट पिशवीत ठेवला. अंगणाच्या कडेला गेला. खाली चिमाजी चार माणसांत बसला होता.

केरूनं छाती भरून घेतली.