वाद्य : बेस

"कसं काय?" असे विचारले की तो उजव्या हाताची दोन बोटे मांडीवर आळीपाळीने टेकवीत म्हणायचा, "बेस." पुढे काही नाही. आपल्या भागात या शब्दाचा अर्थ 'उत्तम' असा होतो, हे तुम्हांला सांगायला नको. पण तो प्रकृतीविषयी बोलतो आहे की वाद्याविषयी, हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

मैलूरमध्ये त्याचे घर आणि माझे घर यांच्यात एक सामाईक भिंत आहे. माझी हयात न्यायालयात कारकुनी करण्यात गेली. सामाईक भिंतीचे हक्क आणि बंधने मला पाठ आहेत. त्याला पेटी, क्लॅरिनेट, ढोलकी सगळे येई, आणि ती वाजू लागली की गल्ली त्याच्या दारात जमे. बेस गिटार ऐकायला मात्र कोणी येत नसे. त्या जाड तारांचा आवाज भिंतीतून थेट माझ्या खिडकीत शिरे आणि काच थरथरू लागे. पत्नी गेल्यापासून माझ्या घरात दुसरा आवाज नव्हता. मी रीतसर नोटीस बजावली : उपद्रव, सामाईक भिंतीचा गैरवापर, आणि ते तत्काळ थांबवण्याची मागणी.

तो नोटीस घेऊनच आला. खुर्चीत बसून, ओठ हलवीत, त्याने ती पुरी वाचली.

"अप्पा, पेटीचं काई न्हाई लिवलाव. क्लॅरिनेटचं बी न्हाई. बेसचंच कामून?"

"कारण काच त्याने हलते."

"म्हंजे तुमाला आयकू येतंय?"

"ऐकू येते म्हणूनच तक्रार आहे."

तो हसला. "इतकी वर्सं वाजवायलोय अप्पा, बेसची तक्रार बी कुणी केली न्हाई आजवर."

मग उठून त्याने त्याच नोटिशीची बारीक घडी केली, ती काचेच्या कडेला चौकटीत दाबून बसवली आणि काच बोटाने ठोकून पाहिली. "आता वाजणार न्हाई. कागद बेस हाय, जाड."

माझ्या नोटिशीचा असा उपयोग उभ्या आयुष्यात कोणी केला नव्हता. मी भयंकर संतापलो. चहा मात्र केला.

लग्नाच्या ऑर्केस्ट्रात तुम्ही त्याला पाहिले असेल. म्हणजे, पाहिले नसेल. गायकाच्या मागे, जिथे दिव्यांचा उजेड संपतो, तिथे तो उभा असे. पुढे कीबोर्डवाल्याचा डावा हातच बेसचे काम करू लागला आणि ऑर्केस्ट्राच्या मालकाने याला बजावले, क्लॅरिनेट घेऊन ये, नाहीतर येऊ नको. तो क्लॅरिनेट घेऊन गेला. सुंदर वाजवायचा. पण परतल्यावर कुलूप उघडून आधी बेस हातात घ्यायचा, आणि भिंतीच्या अलीकडे माझी लेखणी थांबायची. काच आता हलत नव्हती. मी भिंतीला हात लावून पाहत असे.

कलावंतांना सरकारी ओळखपत्र मिळते असे कळले, तेव्हा त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "अप्पा, माझ्या नावाम्होरं बेस लिवून पायजे. बाकी काई बी नको."

कार्यालयात मी बरोबर गेलो. टेबलामागच्या कारकुनाने मान वर न करता विचारले, "वाद्य?"

"बेस."

"बेस वाजवताव का कसं, ते कमिटी बघंल. वाद्य सांगा."

"वाद्यच सांगायलोय, साहेब. बेस."

"अहो, समदेच बेस वाजवतेत. खराब वाजवतो म्हणून कुणी अर्ज करतंय का?"

समितीपुढे त्याने वाजवून दाखवले. गाणारा नाही, ताल नाही. नुसते ते खालचे, थांबून थांबून बोलणारे स्वर. "गाणं कोणतं?" एका सदस्याने विचारले. याने नाव सांगितले. सदस्याने मान हलवली. "ते गाणं असं न्हाई." मग समोरच ठेवलेल्या पेटीकडे बोट दाखवून तो सदस्य म्हणाला, "पेटी येती ना? वाजवा. पेटीवादक म्हणून लिहून टाकू, काम झालं तुमचं."

त्याने पेटीकडे पाहिले. "येती, साहेब. पण पेटीवाले लई हायेत."

मी उठलो. वाद्याची निवड हा अर्जदाराचा अधिकार आहे आणि गाणे ओळखू आलेच पाहिजे अशी अट कोणत्याही नियमात नाही, असे मी सुनावू लागलो. त्याने माझी बाही ओढली. "चला अप्पा. जेवायची येळ झाली त्यांची."

मी अपील केले, स्मरणपत्रे धाडली. अखेर ओळखपत्र आले, इथल्या सगळ्या सरकारी कागदांसारखे कानडीत. मी त्याला वाचून दाखवले : नाव, वडिलांचे नाव, गाव. वाद्य : उत्तम.

कोण्या विद्वानाने 'बेस'चे कानडी भाषांतर केले होते. माझ्या मस्तकात तिडीक गेली. तो मात्र मांडीवर बोटे टेकवीत म्हणाला, "बरुबरच हाय की. उत्तम म्हंजे बेसच." ते पत्र त्याने माझ्यासमोर सरकवले. मग हळूच म्हणाला, "तरी बी, अर्ज टाका अप्पा. एकदा टाकून बघा."

दुरुस्तीचा अर्ज मी त्याच दिवशी टाकला. उत्तर येण्याआधी तो उपचारासाठी सोलापूरला मुलीकडे गेला आणि तिथेच वारला. उत्तर नंतर आले : दुरुस्तीसाठी अर्जदाराने वाद्यासह समक्ष हजर राहावे. अर्जदार आता कोठे समक्ष हजर आहे, हे मी त्यांना तीन पानी पत्रात कळवले आहे. दुरुस्तीची मागणी मी सोडलेली नाही.

मुलगी घर रिकामे करायला आली, तेव्हा पेटी भजनी मंडळाने मागून नेली, क्लॅरिनेट बँडवाल्याने, ढोलकी शाळेने. बेस कोणीच मागितला नाही. "अप्पा, तुमी ठिवताव का?" तिने विचारले. तो माझ्या खिडकीपाशी, भिंतीला टेकून उभा आहे. मला वाजवता येत नाही.

परवा मी चौकटीतली ती घडी काढून उलगडली. नोटिशीत मागितलेले सर्व मला मिळाले आहे. ती पुन्हा खोवली नाही. आता शेजारच्या कोळारच्या कारखान्यांकडे जाणारा ट्रक गेला की काच थरथरते. मी लेखणी थांबवतो, मान वर करतो.

ट्रकच असतो.