माझ्या वाट्याचा रोट

देवी माझ्यावर कोपली आहे, असं मी तीन वर्षं मनात धरून चाललो होतो. कुणाला बोललो नाही. सातवीतून शाळा सोडलेला माणूस मी, सुरतेला साड्यांच्या घड्या घालून खोक्यात भरतो. असलं काही बोललो असतो तर सोबतची पोरं हसली असती. पण कुठून अगरबत्तीचा वास आला तरी मी तिथून उठून जायचो.

आमचं गाव पारोळ्याजवळ. श्रावणात आमच्या घरी कानबाई बसते. नारळाला नाक-डोळे लावून, नथ घालून देवी मांडतात आणि पोटासाठी लांब गेलेली माणसं त्या दिवशी घरी येतात. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने मूठ-मूठ गहू काढायचे, ते दळायचे आणि त्या पिठाचे जाड, गोड रोट करायचे. रोट घरच्यांनीच खायचा. उरवायचा नाही, टाकायचा नाही, बाहेरच्याला द्यायचा नाही. तीन वर्षांपूर्वी ऐन जेवताना शेठचा फोन आला आणि मी माझा रोट अर्धा ताटात सोडून सुरतेची गाडी पकडली. तो राहिलेला अर्धा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी खाल्ला. आणि पोळ्याच्या आधी आबा गेले. छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंत पोचलेही नाहीत.

लोक म्हणाले, वय झालं होतं, सुटले. माझ्या डोक्यात मात्र एकच बसलं, की रोट माझा होता, मी तो टाकून गेलो आणि माझं पाप आबांच्या पोटात गेलं. दिवस उरकून सुरतेला आलो तो पुन्हा गावी गेलोच नाही. मायचा फोन यायचा. तो वाजून वाजून बंद होईपर्यंत मी नुसता बघत बसायचो. मग चुलतभावाला निरोप द्यायचो, की मी बरा आहे, कामाची गर्दी आहे. यालाच मी प्रायश्चित्त समजत होतो.

यंदा कानबाईच्या आदल्या दिवशी मी गाडीत कसा बसलो, ते माझं मलाच सांगता येणार नाही. नवापूरपर्यंत बरं होतं. पुढे मात्र तिकीट काढून बघ, परत खिशात ठेव, असं चाललं होतं. शेवटी ठरवलं, धुळ्याला उतरायचं आणि मागे फिरायचं. धुळ्याच्या स्टँडवर गाडी लागली, मी उठणार, तोच शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्या अक्कांनी आपलं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं.

"धर रे भाऊ. तोंड धुऊन येते. कोणाले हात लावू देजो नको."

अक्का गेल्या त्या गेल्याच. परक्याचं गाठोडं टाकून उतरायचं तरी कसं? त्या परत आल्या तेव्हा कंडक्टरने घंटी मारलेली होती. खरं सांगतो, मला त्यांचा राग आला.

"तुले इथंच उतरायचं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. पारोळ्याला."

"मंग फाशीले चालल्यावाणी तोंड काऊन केलं?"

मला हसू आलं आणि हसता हसता रडूच फुटलं. मग मी रोटापासून आबांपर्यंत सगळं सांगून टाकलं. अक्का यावलच्या. त्यांनी केळं सोलून माझ्या हातात दिलं.

"आमी बुद्धाचे. आमच्यात कानबाई नाई, रोटाचं मले समजत नाई. माह्या नातीचं सांगते. पोरीच्या हातून दूध सांडलं आन ती माळ्यावर लपून बसली. तिची माय विहिरीत डोकावून आली. दूध सांडलं, ते बोटभर चूक. पण ती लपली, त्यात मायचा जीव जायची पाळी आली. तू तं दूध बी नाई सांडलं, भाऊ. बाप गेल्याचं दुःख हाय ते. त्याले तू पाप म्हणून राहिला. आन लपला मात्र खरा."

पारोळा आलं. मी पाया पडलो, तर म्हणाल्या, "माह्या पाया नको पडू. जाय, तुही माय विहिरी पाहत असन."

घरी पोचलो तेव्हा माय ओसरीवर सुपात गहू घेऊन बसली होती. मला बघून तिचा हात थांबला. मी पाय धरले आणि रोटाचं सांगितलं.

"येडा शे का तू?" माय म्हणाली. "तुना आबा दर साल मना रोट बी खाई जाये. तुना अर्धा भेटना, तं कितला खूश व्हता तो!" आणि ती हसली. मग हसणं थांबलं. "ते जाऊ दे. फोन का बरं उचले नही तू?"

 आबांच्या मरणात माझा हात नव्हता, पण हा घाव माझाच होता.

"दोन्ही साल तुना नावनी मूठ काढी मी," ती म्हणाली. "तुना रोट मीच खादा."

मायच्या तोंडात आता दात किती उरलेत, ते मला माहीत आहे. ती हळूहळू चावत माझा वाटा संपवत असेल, ते डोळ्यांपुढे आलं. जे आबांनी केलं, तेच तिने केलं होतं. मी त्याला शाप म्हणत होतो. ती दोघं नुसतं आपल्या पोराचं राहिलेलं खात होती.

दुःखाला मी अपराध समजलो, आणि लाजेला पश्चात्ताप. लाजेने मला मायपासून लांब नेलं. खरी चूक कळली तेव्हा मात्र पाय तिच्याकडेच वळले. मी म्हणालो, "माय, चुकलो." तिने सूप माझ्याकडे सरकवलं, "ले, यंदा तुनी मूठ तूच काढ."

यंदा मी रोट शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला. आता फोन मीच करतो. माय म्हणते, किती बोलशील, भाजी करपली.

त्या अक्कांचं नाव मी विचारलं नाही. गाठोड्यात काय होतं, तेही ठाऊक नाही. जड होतं, एवढं मांडीला आठवतं. जीव घाबरतो अजून, स्वभावच तसा. उठून पळावंसं वाटलं, की मी डोळे मिटून कानबाईला एवढंच म्हणतो, आई, ठेव काहीतरी मांडीवर.