डाव्या खांद्याला लावलेली तीट

सदानंद निमकर स्वतःच्या लग्नाचं आमंत्रण देतानाही "काही विशेष नाही हो, घरगुतीच आहे" म्हणाला असणार, अशी माझी खात्री आहे. मंजुषाला विचारलं तर ती म्हणते, "घरगुती कसलं, भावजी! पंगती उठता उठेनात. पण हे वरातीत असे चालत होते, जणू दुसऱ्याच कुणाचं लग्न आहे."

जपानातल्या या सेंदाईत आम्ही मराठी माणसं मोजकी. त्यामुळे कोणाकडे पुण्याहून बाकरवडी आली, कोणाचा पोस्टडॉक वाढला, कोणाची सासू तीन महिन्यांसाठी येऊन सहा महिने राहिली, हे सगळं सगळ्यांना ठाऊक. निवृत्त झाल्यापासून या बातम्यांची ने-आण माझ्याकडे आहे. पण निमकरांच्या घरची बातमी काढणं म्हणजे मोठं कष्टाचं काम. सदानंदला बढती मिळाली ती आम्हाला विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून कळली. विचारलं तर म्हणाला, "अहो, त्यांना दुसरं कोणी मिळालं नसेल."

त्याचा विषय धातूंचा थकवा. धातूही थकतात, हे मला त्याच्यामुळेच कळलं. चकचकीत पोलादाचा दांडा हातात घेऊन तो सांगतो, पहिली भेग इथे पडणार. मग मशीनवर तो दांडा हजारो वेळा वाकवतात आणि भेग तिथेच पडते. रणजित लहान असताना एकदा बापाबरोबर प्रयोगशाळेत गेला, आणि परत आल्यावर भेटेल त्याला सांगत सुटला, "बाबांना न पडलेली भेग दिसते!"

रणजित हा निमकरांचा एकुलता एक, जन्माने सेंदाईकर. सदानंदने पुण्याहून बॅट आणली होती, नदीकाठच्या मैदानावर त्याला क्रिकेट शिकवायला. पण खेळायला अकरा सोडाच, तिसरा माणूस मिळेना. शाळेत बेसबॉल होता, पोरगं तिकडे गेलं. डावखुरा निघाला, उंच निघाला, आणि त्याचा चेंडू शेवटच्या क्षणी असा काही खाली बसायचा की समोरचा हवेतच बॅट फिरवून परत जायचा. शाळा संपली आणि आओबा क्रेन्स या इथल्या व्यावसायिक संघाने त्याला घेतलं.

घेतलं म्हणजे कसं, ते सांगतो. खरे खेळाडू वेगळे, आणि 'इकुसेई', म्हणजे घडवायला ठेवलेली पोरं, ती वेगळी. या पोरांच्या पाठीवर तीन आकडी क्रमांक असतो. ती वसतिगृहात राहतात, दुय्यम संघात खेळतात आणि पाठीवरचा एक आकडा कधी गळतो याची वाट बघतात. दोन आकडी झालात तरच मोठ्या मैदानावर. तीन मोसमांत झाला नाहीत तर नमस्कार. रणजितचा क्रमांक होता एकशे एकतीस, आणि तिसरा मोसम चालू होता.

आता निमकरांच्या घरच्या दृष्टीबद्दल. चष्म्याची नव्हे, लागते ती. मंजुषा उघड उघड मानणारी. रणजितची निवड झाली त्या संध्याकाळी तिने मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या. धूर झाला, छतावरची घंटा वाजली, अख्खी इमारत रांगेने खाली रस्त्यावर येऊन उभी राहिली. त्या रांगेत सदानंद सगळ्यांपुढे कमरेत वाकून माफी मागत होता आणि मधेच मला मराठीत सांगत होता, "बघा नंदूभाऊ, एकविसावं शतक!" पुढे कितीतरी महिने त्याने बायकोला त्यावरून छळलं. रणजितसुद्धा हसायचा.

पण हाच सदानंद, कोणी "मुलगा काय टाकतो हो!" म्हटलं की लगेच म्हणायचा, "कसला टाकतो! दिशा नाही, ताकद नाही. नशिबाने चाललंय." पोरगं शेजारी उभं असलं तरी. आणि दुय्यम संघाचा घरच्या मैदानावरचा एकही सामना न चुकवता, टोपी डोळ्यांवर ओढून, सगळ्यांत मागच्या बाकावर जाऊन बसायचा. रणजितला ते ठाऊक नव्हतं. मी एकदा चिडवलं, "सदानंद, तू मोहऱ्या तोंडाने टाकतोस रे." तो लाल झाला. म्हणाला, "बाळाच्या गालाला तीट लावतात ना, तसं समजा. पण मंजुषाला सांगू नका."

मी सांगितलं, अर्थातच. ती म्हणाली, "मला काय नवीन आहे? फक्त त्या पोराला कळत नाही ही तीट आहे म्हणून. त्याला इथे कोण सांगणार?"

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात क्रेन्सच्या मुख्य डावखुऱ्या पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, मांडी धरली. शनिवारचा सामना घरच्या मैदानावर, समोर तोक्योचा तगडा संघ, आणि सुरुवात करायला डावखुरा नाही. दोन आकडी खेळाडूंत एकच जागा रिकामी होती. ती भरायची मुदत महिनाअखेरपर्यंत. त्यानंतर त्या मोसमात कोणाला वर घेता येत नाही. नावं दोन: आमचा रणजित आणि ओनोदेरा नावाचा एक शांत मुलगा, रणजितचाच खोलीसोबती. सगळ्या स्थानिक पेपरांत रणजितचं पारडं जड. माझ्या न्हाव्यानेसुद्धा अर्धे केस कापून झाल्यावर थांबून मला विचारलं, "शनिवारी निमुकारू टाकणार ना?"

त्याच आठवड्यात एकदा सरावाला सदानंद नेहमीच्या बाकावर होता, मी शेजारी. एका क्रीडा दैनिकाची चिबा-सान नावाची तरुण बातमीदार जिना चढून वर आली. हा बाप आहे, हे तिला कोणी सांगितलं देव जाणे. मी सांगितलं नव्हतं, हे एकदा स्पष्ट लिहून ठेवतो, कारण गावात तसा संशय होता. ती वाकली. म्हणाली, "शनिवारी बहुतेक रंजित-कुनच. तुम्हाला किती आनंद होत असेल!"

सदानंदचा चेहरा मी पाहिला. इतकं चांगलं कोणी त्याच्या तोंडावर बोललं, की त्याच्या अंगावर पालच पडते. तो घाईघाईने जपानीत म्हणाला, "छे छे, कसलं काय! त्याचा खांदा लहानपणापासून नाजूक. डावा. हल्ली जरा कुरकुरतोच. ओनोदेरा-कुन त्याच्याहून कितीतरी सरस."

आता जपानी बापही चारचौघांत पोराला 'आमचं मठ्ठ कार्टं' म्हणतो. ती इथली रीतच आहे, ते कोणी छापत नाही. पण जपानी बाप खांदा म्हणत नाही. नेमका अवयव सांगितला, त्यातून डावा की उजवा तेही सांगितलं, की ती नम्रता राहत नाही, माहिती होते. चिबा-सानने चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून पुन्हा वाकून निरोप घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, पेपर चाळताना मला ती चौकट दिसली. छोटीशीच. 'निमुकारू: वडिलांना डाव्या खांद्याची चिंता.' खाली, वडिलांच्या मते ओनोदेरा सरस असल्याचं आणि वडील धातूंच्या भेगांचे तज्ज्ञ असल्याचंही छापलं होतं. मी तिथूनच फोन लावला.

"सदानंद, काय करून बसलास?"

मी चौकट वाचून दाखवली. मग म्हणाला, "नंदूभाऊ, मी आत्ता संघाला फोन करतो. सांगतो की तसं काही नाही."

त्याने केला. व्यवस्थापक अतिशय सभ्य माणूस. "पालकांची काळजी आम्ही समजतो," म्हणाला. सदानंद म्हणाला, काळजी नाहीच मुळी, खांदा ठणठणीत आहे. व्यवस्थापक म्हणाला, "हो, हो. आपण निश्चिंत असा. आम्ही तपासणी करून घेतोच आहोत." सदानंद जितकं नाही म्हणे, तितकं समोरच्याला वाटे, आता लपवतोय. फोन ठेवून तो खुर्चीत बसला आणि मंजुषाकडे बघेना.

संध्याकाळी संघाची घोषणा आली. ओनोदेराला दोन आकडी क्रमांक.

शनिवारी आम्ही निमकरांकडे टीव्हीसमोर बसलो. ओनोदेराने सहा डाव टाकले आणि नीट टाकले. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सदानंदनेही वाजवल्या, हळूच, मांडीवर. मंजुषा स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. मी तिथे एक विनोद केला. काय केला ते सांगत नाही, कारण कोणी हसलं नाही.

गणपतीत इथल्या मराठी मंडळातली अनघा समजूत घालायला गेली, "पुढच्या वर्षी होईल हो." सदानंदने मान हलवली. पुढचं वर्ष नाही, हे तिला समजावत बसण्याइतकं त्राण त्याच्यात नव्हतं.

ऑक्टोबरात रणजितला बोलावून, पुढल्या मोसमासाठी तू आमच्या गणनेत नाहीस, असं सांगितलं. सूट घालून जायचं असतं त्यासाठी. सूट बापाचाच होता, बाह्या आखूड झाल्या होत्या.

वसतिगृहातून त्याला आणायला सदानंद गाडी घेऊन गेला. मंजुषाने मला बरोबर धाडलं, सामान उचलायला म्हणून. माझी कंबर काय उचलते ते गावाला माहीत आहे. खरं म्हणजे बापलेक दोघंच गाडीत असले तर घरापर्यंत कोणी तोंड उघडणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी मागे, मांडीवर टेबलफॅन घेऊन. रणजित पुढे.

मी असूनही कोणी बोलेना. एका सिग्नलला सदानंद एकदम मराठीत म्हणाला, "रणजित, पेपरात खांद्याचं आलं होतं ना, ते मी बोललो होतो."

"माहितेय," रणजित जपानीत म्हणाला. तो बापाशी जपानीतच बोलतो, आणि बाप त्याच्याशी मराठीत.

"तसं काही नव्हतं रे. तुला दृष्ट लागू नये म्हणून बोललो."

"दृष्ट म्हणजे, आई मिरच्या जाळते ते?"

"तेच."

"तुम्ही तर हसायचात त्याला."

सिग्नल सुटला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला नाही. इथे वाजवत नाहीत. मीच मागून म्हटलं, "सदानंद, हिरवा." गाडी पुढे निघाली.

रणजित खिडकीबाहेर बघत म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, काही नाही, सगळं साफ आहे. मग कोचनी विचारलं, शनिवारी टाकशील ना? मी म्हटलं, खांदा जड वाटतोय."

"वाटत होता?"

"नाही."

"मग?"

"तुम्ही म्हणालात ना. तुम्हाला आधी दिसतं. मला वाटलं, मला अजून कळत नसेल, पण आत कुठेतरी असणार. मोठ्या मैदानावर, सगळ्यांसमोर तुटायचं त्यापेक्षा..." तो थांबला. "ओनोदेरा बरा होता. तुम्हीच म्हणाला होतात."

मी टेबलफॅन घट्ट धरून बसलो.

सदानंदने गाडी एका दुकानाच्या पार्किंगमध्ये घेतली आणि इंजिन बंद केलं. समोर बघत म्हणाला, "तू फार चांगला टाकतोस. तुझा तो खाली बसणारा चेंडू... मी सगळे सामने पाहिलेत. मागच्या बाकावरून. इथल्या कोणाचाही तसा बसत नाही." पन्नाशी उलटलेल्या माणसाने पहिल्यांदा सायकल चालवावी तसा बोलत होता तो.

रणजितने ऐकून घेतलं. मग बसल्या जागी किंचित वाकून म्हणाला, "अरिगातो गोझाइमासु." पूर्ण, औपचारिक 'धन्यवाद', शेवटच्या अक्षरापर्यंत. सराव संपल्यावर कुंपणापाशी टोपीवर सही मागणाऱ्या अनोळखी लोकांना तो असंच म्हणायचा. मी कितीदा ऐकलं होतं.

पुढे तो नागोयाला गेला. गाड्यांचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात लागला. तिथे कंपनीचा स्वतःचा संघ आहे. त्यांनी दोनदा विचारलं, तो नाही म्हणाला. खांदा ठणठणीत असलेला पंचविशीच्या आतला डावखुरा, मालाच्या खोक्यांवर चिकटपट्ट्या लावतो.

सदानंद मात्र बदलला. दर रविवारी फोन करतो आणि कौतुक करतो. तू स्वयंपाक शिकलास, वा. तू वेळेवर उठतोस, वा. तुझ्या साहेबांचं नशीब. आम्ही मंडळात त्यावरून त्याची टिंगल केली, तर म्हणतो, "करा, करा. मी आता नाही घाबरत."

गेल्या रविवारी मी तिथे होतो. मंजुषाने फोन स्पीकरवर ठेवला होता, कारण तिचे हात पिठाचे होते. सदानंद दुसऱ्या खोलीत आहे असं रणजितला वाटलं असावं. होता तो माझ्या शेजारीच.

"आई," रणजित मोडक्या मराठीत म्हणाला, "बाबांची तब्येत बरी आहे ना?"

"का रे? छान आहे."

"मग हल्ली सारखं चांगलं का बोलतात? मला भीती वाटते. काहीतरी दिसलंय त्यांना. मला सांगत नाहीत."

मंजुषाचे हात पिठातच राहिले. तिने नवऱ्याकडे पाहिलं. सदानंद उठला, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि फोनजवळ जाऊन जरा दरडावूनच म्हणाला, "रणजित, तुझं मराठी फार वाईट झालंय. ऐकवत नाही. आणि मागे आलास तेव्हा केस काय वाढवले होतेस?"

मग पोरगं हसलं. मोकळं, सुटल्यासारखं. "कापतो, बाबा," म्हणालं.

"काप," सदानंद म्हणाला. आणि ओट्याला धरून तसाच उभा राहिला.