ठरलेल्या लग्नाचा केक

राजश्री साळवे हाटकेश भागात बॅगांच्या चेन बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीला होती. दिवसभर चेन उघडायची, लावायची, अडकली की बाजूला टाकायची. भाईंदरच्या आमच्या छोट्या मराठी चर्चमध्ये ती मागच्या बाकावर बसायची आणि तिचं ‘आमेन’ सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठं यायचं. वडील जालन्याहून आले, इथेच वारले. मग आई अंथरुणाला खिळली आणि तिचं करता करता राजश्रीने चाळिशी ओलांडली. आईही गेली. शेजारच्या इंदूबाई, आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या विधवा बाई, तिला मुलीसारखं धरून होत्या.

दोन हजार सहा साली तिचं लग्न ठरलं. नगरचा दिनकर, बायको वारलेली, स्वभावाने गरीब. तारीख ईस्टरनंतरची धरली. राजश्री इतकी हरखली होती की केबिन रोडवर भाजीवाल्यालासुद्धा लग्नाला बोलावून आली. इंदूबाईंनी तिथल्याच बेकरीत तीन मजली केक सांगितला, वर साखरेचे नवरानवरी.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात दिनकरच्या बहिणीचा फोन आला. भाऊ नाही म्हणतोय, एवढंच ती म्हणाली. कारण विचारलं तर ठेवून दिला.

ईस्टरच्या पहाटे उपासनेला राजश्री आली. “प्रभू उठला आहे,” असं चर्चच्या पाळकांनी म्हटल्यावर तिने बाकीच्यांबरोबर “खरोखर उठला आहे” म्हटलं, पण हजेरी दिल्यासारखं. नंतर तिने इंदूबाईंना सांगितलं की उठला असेल, पण माझ्या घरावरून पुढे गेला.

पुढच्या रविवारी पाळक बायबलमधल्या अम्माऊसच्या वाटेच्या गोष्टीवर बोलले. दोन शिष्य सगळं संपलं असं समजून यरुशलेम सोडून निघालेत, उठलेला येशू सोबत चालतोय आणि त्यांना तो ओळखू येत नाही. जेवायला बसल्यावर तो भाकर मोडतो, तेव्हा कुठे कळतं. राजश्रीला त्यातलं एकच लागलं. आम्हाला केवढी आशा होती, असं ते शिष्य त्यालाच सांगतात. बरोबर आहे, मलाही होती, असं ती मनात म्हणाली आणि शेवटच्या गाण्याआधीच उठून गेली.

हॉल, जेवण, सगळं रद्द झालं होतं. केक मात्र दोघी विसरल्या. ठरलेल्या दिवशी बेकरीवाल्याचा फोन आला, केक तयार आहे, घेऊन जा. राजश्री जायला तयार नव्हती. इंदूबाईंनी तिला ओढत नेलं.

तीन मजली केक रिक्षात कसा न्यायचा? दोघींनी मांड्या जोडून तो वर घेतला. रिक्षावाल्याने आरशात बघून आनंदाने विचारलं, “शादी में जा रहे हो?”

इंदूबाईंना खोटं बोलता येत नाही. “नहीं भैया, शादी तो टूट गया.”

बिचाऱ्याने हळहळून मागे वळून पाहिलं, आणि गोल्डन नेस्ट नाक्याच्या अलीकडचा गतिरोधक त्याला दिसलाच नाही. रिक्षा उडाली. वरचा मजला सुटून इंदूबाईंच्या पदरात आला आणि साखरेचा नवरा डोक्यावर आपटून त्यांच्या चपलेत जाऊन बसला. मग इंदूबाईंनी वाकून चपलेत बघितलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, “हा पण पळाला.”

राजश्रीला हसू फुटलं. नुसतं हसू नाही, पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढून. इंदूबाई हसायला लागल्या. रिक्षावाला माफी मागता मागता हसायला लागला आणि त्याने रिक्षा कडेला घेतली. आता हा केक घरी पोचत नाही हे उघड होतं. राजश्रीने हातानेच तुकडा मोडला आणि रिक्षावाल्याला दिला. दुसरा बसथांब्यावरच्या बाईला, तिसरा फुगेवाल्याला. लोक गोळा झाले. कुणी विचारलं, किसका बर्थडे है? पुढचा तुकडा मोडताना तिचा हात थांबला. ती क्रीमने माखलेल्या आपल्या बोटांकडे बघत राहिली.

“मावशी,” ती म्हणाली, “तो आपल्याबरोबर रिक्षात होता.”

“कोण, दिनकर?”

“येशू, मावशी. केबिन रोडपासून.”

इंदूबाईंनी पदरातलं क्रीम पुसत विचार केला. “असेल. केक एवढा मोठा, मला पलीकडचं काही दिसत नव्हतं.”

दोघी पुन्हा हसत सुटल्या, पण राजश्री आता रडतही होती.

रविवारी ती चर्चमध्ये साक्ष द्यायला, आपला अनुभव सांगायला, उभी राहिली. नवरा मिळाला नाही, दुःख अजून आहे, सकाळी उठल्यावर आधी तेच आठवतं, असं तिने सरळ सांगितलं. मग गतिरोधकापर्यंत आली आणि हसू फुटून तिला पुढे बोलता येईना. हसू आधी मागच्या बाकावर पसरलं, मग पुढे, मग पाळकांपर्यंत. त्यांनी गाण्याचा क्रमांक सांगितला, तोही चुकीचा, आणि अर्धं चर्च एक गाणं गात होतं, अर्धं दुसरं.

राजश्रीने लग्न केलं नाही. नंतर मंडळीत कुणाची नोकरी सुटली, कुणाचं मूल गेलं, की पाळकांच्या आधी ती जाऊन पोचायची. उपदेश करायची नाही. स्वयंपाकघरात शिरायची, चहा ठेवायची आणि सोबत बसून राहायची. आमच्याकडेही आली होती. निघताना दारात चपला घालत म्हणाली, “लगेच नाही ओळखू येत गं. तो घाईत नसतो.”