ओल्या रुमालाचं टोक

इस्पितळाने मला फसवलं आणि मी माझ्या बायकोला. दोघांपैकी मोठा लबाड कोण, ते मला अजून ठरवता येत नाही.

घासाघीस करूनच मी चारकोपला स्वतःचा गाळा उभा केला. कोथिंबिरीची जुडीसुद्धा मी सांगितलेल्या भावाने घेत नाही. पण बोरिवलीच्या त्या वॉर्डात सिस्टर म्हणाली, "रात्री दहानंतर काही नाही, पाणीसुद्धा नाही," आणि मी मान डोलावली. भूल द्यायची तर पोट रिकामं हवं, हे मलाही पटलं होतं.

बायकोच्या पित्ताशयाचं ऑपरेशन सकाळी नऊला होतं. नऊला तातडीची दुसरी केस आत गेली. अकराला म्हणाले, थोडा वेळ. एकला कोणी काही बोललंच नाही. मग समजलं, पाच वाजतील.

तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. "अहो, एक घोट."

"नाही म्हणालेत ना."

"कोथिंबिरीसाठी अर्धा तास भांडता. माझ्या घोटभर पाण्यासाठी तोंड उघडत नाही?"

मी चिडलो. "गप्प पड. जिवाशी खेळ नको." रुमाल ओला करून तिचे ओठ पुसले. तिने रुमालाचं टोक दातात धरलं आणि चोखायला लागली. मी ते ओढून काढलं. ती हसली. "मेल्यावर घालालच की तोंडात पाणी."

तिला आत नेल्यावर भुलीच्या डॉक्टरांनी सही घेताना विचारलं, "शेवटचं पाणी कधी प्यायल्या?"

"काल रात्री."

ते म्हणाले, "साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चाललं असतं यांना. वेळ पुढे गेली तेव्हा वॉर्डने मला विचारलं नाही?"

ती शुद्धीवर आली नाही. तिसऱ्या दिवशी हृदय थांबलं. त्याचा पाण्याशी संबंध नव्हता असं डॉक्टर म्हणतात, मी मानतो. त्यावर माझं भांडण नाही.

घरी रीतीप्रमाणे मी तिच्या तोंडात तुळशीपत्र ठेवलं, चमच्याने पाणी घातलं. ते गालावरून ओघळून उशीत गेलं.

वॉर्डात फोन होता. भुलीचे डॉक्टर एकच मजला वर होते. मी विचारलं नाही, त्याचं उत्तर मी रोज देतो. पाच वाजणार हे माहीत असताना तो फोन उचलून वर कोणी विचारलं नाही? त्या माणसाने माझ्यासमोर बसून सांगावं.